‘क’वरच्या दोन मात्रा

कुडाळात परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘काय मास्तर, मुंबईत काय काय बघितलंत?’ मी सांगतो, एक बाकडं बघितलं. मग समोरचा माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की डोळ्याच्या ऑपरेशनबरोबर ह्याच्या डोक्याचंही काहीतरी झालेलं असणार. पण खोटं कशाला सांगू? तीन दिवस राहिलो, समुद्र पाहिला नाही, मॉल पाहिला नाही, भाचीने सांगितलेली साडी आणली नाही म्हणून घरात बोलणी खाल्ली ती वेगळीच. बोरीवलीच्या एका बागेतल्या एका बाकड्यासाठी गेलो, त्यावर बसलो आणि आलो. आणि खरं सांगायचं तर फार दिवसांनी इतका मजेत परत आलो.

बाकडं उत्तमचं. उत्तम रखमाजी वाघमारे, मूळचा अंबाजोगाईकडचा, टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडायचा. चाळीस वर्षांपूर्वी दिंडोशीला एका खोलीत आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. मी तेव्हा गोरेगावात एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. पुढे मला कुडाळच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली आणि तो दहिसरला घर करून तिकडचाच झाला. पण दर मे महिन्यात स्वारी आमच्याकडे हजर. आंबे खायचा, माझ्या बायकोच्या हातचे बांगडे खायचा आणि जाताना मला शिव्या देऊन जायचा की मेल्या, तू काय मुंबईला येत नाहीस.

गेल्या वर्षी जानेवारीत तो गेला. त्याच दिवशी सकाळी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरने सांगितलेलं, रडायचं नाही, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून घरच्यांनी माझ्यापासून बातमी लपवली. चौथ्या दिवशी कळलं, तेव्हा सगळं उरकलं होतं. बायकोशी मी आठवडाभर धड बोललो नाही. तिचं काही चुकलं नव्हतं, पण राग कुठेतरी काढायला हवा होता.

म्हणून डिसेंबरात त्याच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. ती म्हणाली, ‘काका, बोरीवलीला एक स्मृतिउद्यान आहे. तिथे बाबांच्या नावाने बाकडं मिळालंय. पहिल्या स्मृतिदिनाला पाटी लावायची आहे. ती तुम्हीच लिहा ना. बाबांना तुमच्या अक्षराचं किती कौतुक होतं!’

शेवटचं तोंड बघता आलं नाही, निदान नाव तरी माझ्या हाताने लिहीन, असं मनात घेतलं. मजकूर मनीषाने मोबाईलवर पाठवला, दोन ओळींचा. फणसाच्या लाकडाची फळी घेतली, दीड फूट लांब, सहा इंच रुंद. चार वेळा घासली, पॉलिश केली आणि काळ्या ऑइल पेंटने दोन दिवस बसून अक्षरं काढली. आजवर शेकड्याने पाट्या लिहिल्या, पण एवढा जीव ओतून लिहिलेली दुसरी नाही. बायकोच्या जुन्या मऊ साडीत गुंडाळली आणि निघालो.

शुक्रवार, दहिसर

प्रवासाचं काही लिहीत नाही. बसायला जागा होती आणि झोप लागली.

मनीषाचं घर अकराव्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला डोंगर दिसतात आणि खाली एक पाण्याची बारीक रेघ. मनीषा म्हणाली, ती दहिसर नदी. मी म्हटलं, ‘गो बाय, आमच्याकडे ह्याला व्हाळ काय, ओढा पण म्हणणार नाहीत.’ ती म्हणाली, ‘पावसात या काका, मग बोला.’ मनीषा बँकेत आहे, तोंडाने बापासारखीच सरळसोट. नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता, त्यामुळे घरात ती आणि तिची आई, म्हणजे शकुंतलावहिनी, अशा दोघीच होत्या.

उत्तम गेल्यानंतर वहिनींना पहिल्यांदाच पाहिलं. आधीच बारीक, आता आणखी बारीक झाल्यात. मला वाटलं होतं आम्ही दोघं समोरासमोर आलो की रडारड होणार. पण त्यांनी दार उघडलं, माझ्या डोळ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, ‘आता नीट दिसतंय ना, भावजी?’ मी म्हटलं, दिसतंय. ‘मग चपला उलट्या पायात का घातल्यात?’ बघतो तर खरंच. तिघंही हसत सुटलो.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली मेथी आणि ठेचा. आमच्याकडे कशातही नारळ, त्यांच्याकडे कशातही शेंगदाणा. माझ्यासाठी मुद्दाम भातही टाकला होता, कारण कोकणी माणूस भाताशिवाय जेवला तर ते जेवण नव्हे हे वहिनींना उत्तमने शिकवून ठेवलेलं. मी ऐटीत भाकरीबरोबर ठेच्याचा मोठा गोळा तोंडात टाकला आणि डॉक्टरने वर्षभरापूर्वी घातलेली रडण्याची बंदी एका घासात मोडली. मी नेलेला कुडाळचा गोड खाजा मग त्या तिखटावर कामाला आला.

जेवणं झाल्यावर मनीषा म्हणाली, ‘काका, पाटी दाखवा ना.’

मी म्हटलं, ‘अजिबात नाही. पाटी अशी हातात धरून बघायची नसते. ती जिथे लागणार तिथे ठेवूनच बघायची. उद्या बाकड्यावर ठेवतो, मग बघा.’

‘एवढा भाव?’ ती म्हणाली.

भाव होताच. का नसावा?

शनिवार, बोरीवली

सकाळी वहिनी आणि मी रिक्षाने बोरीवलीला गेलो. मनीषाला अर्धा दिवस बँकेत जायचं होतं. पाटी लावायची होती रविवारी नऊला, सगळे नातेवाईक आल्यावर. पण बाकड्याच्या पाठीचं माप आणि स्क्रूची भोकं आदल्या दिवशी तपासावी, असा माझा आग्रह. पेंटरकीतली जुनी सवय आहे, जागा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आता ही बाग जिथे आहे ती जागा ऐका. एका अंगाला बसगाड्या वळतात तो नाका, दुसऱ्या अंगाला भाजीवाल्यांची रांग, डोक्याच्या जरा वर मेट्रो. रिक्षातून उतरलो तेव्हा हॉर्नच्या आवाजात वहिनी काय बोलतायत ते कळेना. एक छोटं लोखंडी फाटक, त्यातून आत गेलो, चाळीस पावलं चाललो असेन, आणि मला माझ्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. मी थांबलोच. वहिनी म्हणाल्या, ‘हे पण इथेच थांबायचे.’

बाग मोठी नाही. आमच्या शाळेच्या मैदानाएवढीच असेल. पण झाडं मात्र झाडं आहेत, कुंड्या नव्हेत. बकुळ, ताम्हण, बहावा, कडुनिंब आणि मधोमध एक भलाथोरला आंबा. जानेवारी असल्याने तो मोहरला होता. मुंबईच्या आंब्याचा मोहोर बघून मी नाक मुरडायची तयारी केली होती, पण मोहोर चांगला होता, त्याला नावं ठेवणं बरं नव्हे. कुठेतरी तांबट पक्षी टुक टुक करत होता. एक गुजराती काका डोळे मिटून हात वर-खाली करत होते, दोन बायका पाठमोऱ्या चालत होत्या. पाठमोरं चाललं की गुडघे सुधारतात म्हणे. आमच्या बाजारात कोणी असं चाललं तर लोक मांत्रिकाला बोलावतील.

इथे ज्याचं माणूस गेलं असेल तो झाड लावतो किंवा बाकडं देतो, आणि त्यावर नावाची पाटी. फुलं, हार, अगरबत्ती, मेणबत्ती काही चालत नाही. नुसतं यायचं आणि बसायचं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने एसटीचा निवारा बांधतात किंवा देवळात पंखा देतात. पंखा गरागरा फिरत असतो आणि पात्यांवर नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं तर वीज जाण्याची वाट बघावी लागते. त्या बहुतेक पात्यांवरची अक्षरं माझीच आहेत.

मी बाकड्याबाकड्यापाशी थांबत चाललो होतो. मराठी पाट्या, गुजराती पाट्या, एक तमिळ, काही इंग्रजी. पण नावं मी वाचतच नव्हतो. मी अक्षरं बघत होतो. इथे ‘र’ची शेपटी आखूड, तिथे दोन शब्दांतली जागा चुकलेली, तिसरीकडे पितळी पत्र्यावर यंत्राने कोरलेलं, त्यात जीवच नाही. वहिनी मात्र प्रत्येक नाव हळूहळू वाचत होत्या आणि मला सांगत होत्या, ‘हे बघा, हा मुलगा एकवीस वर्षांचाच होता.’ मी हूं हूं म्हणत होतो.

वाटेतल्या एका मोठ्या फलकापाशी तर माझं डोकंच फिरलं. ‘स्मृतीउद्यान’ असं लिहिलेलं, ‘ती’ दीर्घ! आणि खाली ‘कचरा टाकु नये’, तिथे ‘कु’ ऱ्हस्व. तिथे पाइपाने पाणी घालणाऱ्या प्रमिलाबाई होत्या, बागेची सगळी देखभाल त्यांच्याकडे. मी त्यांनाच धरलं. म्हटलं, ‘बाई, दीर्घ पाहिजे तिथे ऱ्हस्व आणि ऱ्हस्व पाहिजे तिथे दीर्घ, हे कोणी लिहिलं?’

प्रमिलाबाईंनी पाइप खाली केला नाही. ‘काका, मी काय लिहिलं नाय. आणि लोक कचरा टाकत नाय ना? मग झालं तर.’

‘अहो, पण ज्यांच्या नावाने बाग आहे त्यांचा मान आहे की नाही? माणसं गेल्यावर त्यांच्यासाठी राहतात ती एवढी अक्षरंच. तीसुद्धा चुकीची लिहायची?’

हे मी बोललो. ह्याच तोंडाने, सकाळी साडेनऊच्या सुमाराला.

उत्तमचं बाकडं आंब्याच्या पलीकडे, जरा कोपऱ्यात. नवं कोरं. वहिनींनी पदराने पुसलं आणि आम्ही बसलो. त्या म्हणाल्या, निवृत्त झाल्यावर उत्तम रोज दहिसरहून बस पकडून इथे यायचा, वर्तमानपत्र वाचायचा आणि जेवायच्या वेळेला घरी. बाग सापडली त्या दिवशी येऊन म्हणाला होता, शकू, मुंबईत एक जागा अशी मिळाली, जिथे कोणी ढकलत नाही.

मग मी साडी सोडली आणि पाटी बाकड्याच्या पाठीला टेकवून ठेवली. चार पावलं मागे जाऊन बघितलं. अक्षरं उन्हात अशी काही उठून दिसत होती! मीच माझ्यावर खूश झालो. प्रमिलाबाई हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, ‘झकास! एकदम छापल्यासारखं. उद्या नऊला स्क्रू मी मारते, मशीन आहे माझ्याकडं.’

वहिनी जवळ गेल्या. त्यांनी पहिल्या अक्षरापासून बोट फिरवत पाटी वाचली. मग पुन्हा पहिल्या अक्षरापाशी बोट नेलं. जरा वेळ तिथेच ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अक्षर फार छान आलंय, भावजी.’ आणि आंब्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. मी त्यांना एकटं सोडलं आणि भोकांची मापं घेत बसलो.

घरी आलो, जेवलो, झोपलोसुद्धा. चार वाजता मनीषाच्या आवाजाने जाग आली. तिने बाहेरच्या खोलीत पाटी उघडली होती.

‘आई, हे काय? कै. लिहिलंय!’

‘हळू बोल. भावजी झोपलेत.’

‘अगं पण कै. कसं काय? मी मजकूर पाठवला त्यात नव्हतं.’

‘राहू दे. एवढ्या प्रेमानं लिहून आणलंय त्यांनी. डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. राहू दे म्हणते ना.’

मी बाहेर आलो. पाटी टेबलावर होती. ‘कै. उत्तम रखमाजी वाघमारे’, आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. महिनाभर ही पाटी माझ्यासमोर होती, सकाळी बाकड्यावर ठेवून चार पावलं मागे जाऊन बघितली होती, आणि ते ‘कै.’ मला आत्ता दिसलं.

कुडाळात हे वाचणाऱ्यांना वाटेल, मग त्यात काय झालं? गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै. लावतातच. तेच तर. मलाही आजवर तसंच वाटत आलं. उत्तमच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे वळून बघितलं नाही. त्या घरात कैलास नाही, स्वर्ग नाही, वैकुंठ नाही. आणि उत्तम तर ह्या बाबतीत महाकडक. दिंडोशीच्या खोलीत मी पाट्या रंगवायला आणायचो, त्यातली एखादी कै.वाली दिसली की म्हणायचा, ‘मला नको रे असला पत्ता. कैलासावर माझ्या ओळखीचं कोण आहे?’ मी हसायचो. हसायचो आणि पुढचं कै. काढायचो. ह्या माणसाला चहात किती साखर लागते, तो कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं मला ठाऊक. आणि मी माझ्या हाताने त्याला कैलासावर पाठवून मोकळा झालो होतो. वर तीस किलो अभिमान घेऊन मुंबईला आलो होतो.

मला इतकी लाज वाटली की बसायलाही सुचेना.

वहिनी म्हणाल्या, ‘भावजी, मनावर घेऊ नका. नजर कमी झाली की होतं असं.’

‘वहिनी, नजरेवर ढकलू नका,’ मी म्हटलं. ‘डोळ्यांचा काही दोष नाही. हाताला सवय झालीय. गेलेला माणूस म्हटला की हात आधी कै. काढतो, मग विचारतो कोण गेलं. आणि तुम्ही सकाळीच बघितलंत ना? मग बोलला का नाहीत?’

त्यांनी ‘कै.’वरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘तुम्ही इतके खूश होता. आणि त्यांना शेवटचं बघायला मिळालं नाही म्हणून वर्षभर तुम्ही फोनवर रडताय. म्हटलं, दोन मात्रा आणि एक टिंब, मी सोसेन.’

त्यांनी ते सोसलं असतं, हे मला माहीत होतं. रोज त्या बाकड्यावर जाऊन बसल्या असत्या, रोज ते ‘कै.’ वाचलं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं. त्या विचाराने मला जास्त कसंतरी झालं. सकाळी नऊला सगळे नातेवाईक येणार होते आणि मला हे त्याच्या आत नीट करायचंच होतं.

मनीषा उठली. ‘चला काका. बोरीवलीचा बाजार उघडा आहे. काय काय पाहिजे?’

पाहिजे होतं थिनर, बारीक पॉलिश पेपर, ब्लेड, काळा ऑइल पेंट आणि अक्षरांचा लांब केसांचा ब्रश. पहिली चार पहिल्याच हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. ब्रशला दुकानदार म्हणाला, ‘काका, पेंटर लोग अब कहाँ? सब स्टिकर हो गया. कॉम्प्युटर में लिखो, चिपकाओ.’ सात दुकानं फिरलो. गर्दी अशी की मनीषाने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता, लहानपणी मी तिला जत्रेत धरायचो तसा. शेवटी एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात शाळेच्या पोरांचा दोन नंबरचा ब्रश मिळाला. नेलकटरने त्याचे बाजूचे केस कापले आणि जरा कामाचा केला. त्या गडबडीतही मनीषाने मला एका गाडीवर उभं करून शेवपुरी खायला घातली. म्हणाली, ‘टेन्शनमध्ये उपाशी राहायचं नाही, बाबांचा नियम.’ शेवपुरी छान होती. कुडाळात तशी मिळत नाही, हे कबूल करतो.

रविवार, पुन्हा बोरीवली

सकाळी सहाला मी आणि वहिनी बागेत. बऱ्यापैकी गारवा होता, मी मफलर गुंडाळलेला. पाठमोऱ्या चालणाऱ्या बायका आधीच हजर. मी पाटी बाकड्यावर आडवी ठेवली, स्वतः जमिनीवर बसलो आणि ‘कै.’ला थिनर लावला. पेंट चांगला मुरला होता. सुटता सुटेना. कंपनीचा पेंट एवढा चांगला असल्याचा राग मला आयुष्यात पहिल्यांदा आला. ब्लेडने हळूहळू खरवडत, पॉलिश पेपरने घासत अर्धा तास गेला, तेव्हा कुठे अक्षर निघालं. त्या जागी फणसाचं कच्चं पिवळं लाकूड दिसायला लागलं.

प्रमिलाबाई आल्या, बघत उभ्या राहिल्या. ‘काल तर छान होतं की. काय चुकलं?’

मी म्हटलं, ‘शुद्धलेखन.’

‘तुमचं?’ त्या म्हणाल्या. आणि हसू दाबत निघून गेल्या. कालच्या फलकाचा बदला त्यांनी एका शब्दात घेतला.

वहिनींना विचारलं, ‘इथे आता काही नको? नुसतं नाव ठेवू?’

‘तुम्हाला जमत असेल तर कालकथित लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्यात तसं लिहितात. यांनी त्यांच्या वडिलांच्या नावाआधी तेच लिहिलं होतं.’

ब्रश पेंटमध्ये बुडवला, निथळला, फळीपर्यंत नेला आणि हात थांबला. चाळीस वर्षं पाट्या लिहिल्या, जिल्ह्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत फिरलो, पण हा शब्द माझ्या हाताने एकदाही लिहिला नव्हता. ऐकला होता, कुठे कुठे वाचलाही असेल. पण ‘थि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे मला सांगता येईना. आज अंदाजाने लिहायची माझी हिंमत नव्हती.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘हा शब्द मला सांगता? एकेक अक्षर.’

शकुंतलावहिनी लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रात्रपाळी नसेल तेव्हा उत्तमने त्यांना रोज शिकवलं. पुढे त्या महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्या खाली माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि समोरच्या मातीत काडीने त्यांनी अक्षरं काढली. ‘क ला काना, का. मग ल. मग साधा क. थ ला पहिली वेलांटी, थि. आणि त.’ प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, सावकाश. काढून झाल्यावर त्यांनी एकदा पूर्ण शब्द वाचला आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. मला पक्कं माहीत आहे.’

मी मातीत बघून लिहिलं. कै.ची जागा आणि डावीकडचा मोकळा भाग मिळून चारेक इंच मिळत होते, तेवढ्यात पाच अक्षरं बसवायची म्हणजे ती बारीकच काढावी लागली. पोरांच्या ब्रशने ‘थि’ची वेलांटी जरा जाड आली. माझ्या सगळ्या कामातलं हे सर्वांत कमी सफाईचं अक्षर असेल. पण त्याच्यासाठी मी जेवढा घाबरलो, तेवढा नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा घाबरलो नव्हतो. लिहून झाल्यावर आम्ही दोघंही त्याच्यावर फुंकर मारत बसलो. पेंट असा फुंकरीने सुकत नाही हे मला ठाऊक आहे, तरी मारली.

पावणेनऊला माणसं यायला लागली. मनीषा, तिचे दोन मामा, शेजारच्या बायका, टेलिफोनमधले दोन जुने सहकारी, सगळे पांढऱ्या कपड्यांत. गावाहून उत्तमचे थोरले भाऊ आले होते, सगळे त्यांना दादा म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, ताठ, हातात काठी. प्रमिलाबाईंनी मशीन आणून चार स्क्रू मारले, ओल्या अक्षरांना धक्का न लावता. मग सगळे बाकड्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून त्रिसरण आणि पंचशील म्हटलं. मेणबत्ती नाही, घंटा नाही, मोठा आवाजही नाही. मला शब्द येत नव्हते, मी नुसते हात जोडले. चालणारे लोक आपणहून थांबले, त्या पाठमोऱ्या बायकासुद्धा. बाहेर नाक्यावर बसगाड्या वळतच होत्या, पण इथे त्यांचं काही चाललं नाही. माझे डोळे भरून आले आणि ह्या वेळी मी ते पुसले नाहीत.

सगळं झाल्यावर वहिनी खाऊ वाटत होत्या. दादा काठी टेकत बाकड्याकडे गेले, बसले आणि मान वळवून पाटी वाचू लागले. मी बाजूला उभा. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटाकडे. बोट ‘का’वर आलं, ‘ल’वर, ‘क’वर. ‘थि’पाशी पेंट अजून ओला होता, तो त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी बोट बघितलं, पाटी बघितली.

‘आजच लिवलंय?’

‘हो,’ वहिनी म्हणाल्या.

‘कुनी लिवलं?’

‘यांच्या भावानं.’

दादा चकित झाले. ‘त्याचा भाऊ तर म्या हाय. म्या कवा लिवलं?’

‘तुम्ही थोरले,’ वहिनी माझ्याकडे हात करून म्हणाल्या. ‘हे धाकटे.’

वास्तविक मी उत्तमपेक्षा चार महिन्यांनी मोठा. पण मी धाकटा व्हायला तयार होतो. दादांनी मला चपलांपासून मफलरपर्यंत निरखून घेतलं. मग ते जरा सरकले, काळं झालेलं बोट धोतराला पुसलं आणि बाकड्यावर थाप मारत म्हणाले,

‘मग परक्यावानी हुबा का ऱ्हायलास? बस की.’